कोणती गाडी घेऊ, सर?

आखाजी, दसरा किंवा धनत्रयोदशी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. खरे तर मी गाड्यांचा जाणकार नव्हे. परंतु कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला सगळेच कळते, असा आपल्या लोकांचा जुना समज आहे. तो समज मोडण्यापेक्षा थोडी माहिती काढावी असे ठरवले आणि गेली काही वर्षे मी या विषयाकडे कुतूहलाने पाहतो आहे.

मी राहतो ते बमरोली म्हणजे सुरतच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेला भाग. लूमचा खडखडाट, ग्रे कापडाचे ताके वाहणारे टेम्पो आणि त्यातच नंदुरबार, धुळे, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली आपली माणसे. रविवारी सकाळी गल्लीतून फेरी मारली तर उभ्या गाड्यांच्या पाट्यांवरून नाती कळतात. जीजे ०५ म्हणजे इथली गाडी. एमएच ३९ म्हणजे नंदुरबारहून मामा आलेले, एमएच १८ म्हणजे धुळ्याचे व्याही, एमएच १९ म्हणजे जळगाव. पंचवीस वर्षांपूर्वी हीच मंडळी भुसावळकडच्या पॅसेंजरमध्ये पिशव्या मांडीवर घेऊन बसत. आता गावाकडे जायचे म्हटले की नवापूर, कोंडाईबारी घाट, धुळे असा रस्ता घरातले पोरही तोंडपाठ सांगते.

या गाड्यांची नावे मात्र दर काही वर्षांनी बदलत गेली. देशात काय खपते ते आमच्या गल्लीत दिसते, आणि गल्लीत जे दिसते त्यामागे आवडीनिवडीइतकाच सरकारी कराचा, रस्त्याचा आणि बँकेच्या हप्त्याचा हात असतो.

तीन नावांचा काळ

एके काळी निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर आणि प्रीमियरची फियाट, ही मुख्य नावे. यातल्या हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ साली गुजरातेतल्या ओखा बंदरात झाली आणि नंतर ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला गेली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली तिची फियाट पुढे पद्मिनी झाली. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि गाडी मिळाली की गावात पेढे वाटले जात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला मिळाली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. त्यानंतर एक पिढीभर आपल्याकडे चारचाकी म्हणजे मारुतीच. पाठोपाठ आलेल्या मारुती व्हॅनने, म्हणजे ओम्नीने, खानदेशात वऱ्हाड वाहिले, केळी वाहिली, शाळेची पोरेही वाहिली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, त्याच वर्षी अॅम्बेसेडरचेही थांबले आणि २०१९ मध्ये ओम्नीही गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

मारुतीला पहिली खरी टक्कर १९९८ मध्ये मिळाली. त्या वर्षी ह्युंदाईची सँट्रो आली आणि वर्षअखेरीस टाटांनी पुण्याच्या कारखान्यातली इंडिका लोकांपुढे ठेवली. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, त्यामुळे भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनी इंडिका उचलून धरली. ‘गाडी कितला अॅव्हरेज देस?’ हा आपल्या माणसाचा पहिला प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे.

चार मीटरची पट्टी

आपण ज्या गाड्या पाहतो त्यांची लांबी कोणी ठरवली? उत्तर आहे, २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. झाले, सगळ्या कंपन्या पट्टी घेऊन बसल्या. २००८ मध्ये आलेली पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती. २०१२ च्या नव्या डिझायरची डिकी कापून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली. मागून ती थोडी आखूड दिसते, त्याचे कारण हे.

पुढे याच पट्टीत उंच गाड्या बसवण्याची कल्पना निघाली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, मारुतीची ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये आणि पंच २०२१ मध्ये आली. दिसायला जीपसारखी, कराच्या दृष्टीने लहान. खड्ड्यात खाली टेकत नाही, आजीला वाकून बसावे लागत नाही. आपल्या रस्त्यांवर लोकांना ती आवडली यात नवल ते काय! २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या कंपन्यांतून बाहेर पडल्या, त्यांत सुमारे ६५ टक्के या उंच जातीच्या होत्या.

यातून मारुतीचे एकछत्री राज्य ढळले. २०१८-१९ मध्ये निम्म्याहून अधिक बाजार तिच्याकडे होता, तो २०२४-२५ मध्ये ४१ टक्क्यांच्या आसपास आला. २०२४ या वर्षात सर्वाधिक खपलेली गाडी होती टाटा पंच, दोन लाखांहून थोडी अधिक. सुमारे चाळीस वर्षांत प्रथमच पहिला नंबर मारुतीबाहेर गेला. ह्युंदाई कित्येक वर्षे दुसऱ्या क्रमांकाची कंपनी होती, ती जागा २०२५ मध्ये महिंद्राने घेतली. बोलेरो नाशिकची आणि २००२ ची पहिली स्कॉर्पिओही नाशिकचीच, त्यामुळे आपल्या भागात या बातमीचे अप्रूप जास्त.

मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, त्या दिवशी घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ ते ३१ टक्के होता तो १८ टक्के झाला. चार मीटरची पट्टी इथेही कायम राहिली. पितृपक्षात एरवीही कोणी गाडी घेत नाही. त्या वर्षी लोक श्राद्धासाठी आणि करासाठी, दोन्हींसाठी थांबले होते! २०२५ चा पहिला नंबर पुन्हा मारुतीकडे, डिझायरकडे गेला. म्हणजे लहान गाडी लोकांना नको होती असे नाही, परवडत नव्हती.

हिऱ्यांच्या शहरातली शिकवण

सुरतच्या गाड्यांविषयी लिहायचे आणि हिरे कारखान्यांच्या बोनसविषयी लिहायचे नाही, असे होणार नाही. सावजीभाई ढोलकिया यांच्या हरिकृष्ण एक्स्पोर्ट्सने २०१४ च्या दिवाळीत ४९१ कर्मचाऱ्यांना गाड्या दिल्या, त्या फियाट पुंटो होत्या. पुढच्या वर्षांत दॅटसनच्या रेडी-गोही दिल्या गेल्या आणि २०१८ मध्ये ६०० गाड्या. देशभर त्या बातम्या गाजल्या.

आज त्यातल्या फियाट आणि दॅटसन या दोन्ही नावांच्या नव्या गाड्या भारतात मिळत नाहीत. दॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. शेव्हरलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये निरोप घेतला. गुजरातेत तर याच्या खुणा कारखान्यांच्या दारावरच आहेत. हालोलला शेव्हरले बनत, तिथे आता एमजी बनते. साणंदचा फोर्डचा कारखाना २०२३ पासून टाटांकडे आहे. टाटांचा साणंदचा मूळ कारखाना नॅनोसाठी उभा राहिला, ती नॅनोही २०१८ मध्ये संपली.

कंपनी गेली म्हणजे गाडी लगेच भंगार होते असे नाही. पण सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत आणि विकताना भाव पडतो. माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाची अशी गाडी दरवाजाच्या एका भागासाठी दोन महिने गॅरेजमध्ये उभी होती. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातच होता. म्हणून शोरूमची काच पाहण्याआधी आपल्या गावापासून किती अंतरावर सर्व्हिस सेंटर आहे, हे पाहावे.

पत्रा, पट्टा आणि टाकी

२०१४ च्या सुरुवातीला परदेशी चाचणी संस्थेने आपल्या काही लोकप्रिय लहान गाड्या धडकवून पाहिल्या आणि प्रौढांच्या सुरक्षेत त्यांना शून्य तारे दिले. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला प्रथमच. तेव्हापासून ‘पत्रा जाड आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे विचारला जाऊ लागला. नुसत्या जाड पत्र्याने माणूस वाचत नाही, सांगाड्याची रचना, एअरबॅग आणि पट्टा हे सगळे मिळून वाचवतात. २०२३ पासून भारताची स्वतःची चाचणीही सुरू आहे, तिचे तारे विचारून घ्यावेत. नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच तारे मिळाले, म्हणजे ग्राहकाने विचारले की कंपनी सुधारते.

पट्ट्याचे तर काय सांगावे! सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री गुजरातेतून मुंबईकडे जाताना पालघर जिल्ह्यात अपघातात गेले. मागे बसलेल्या त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती. आपण कोंडाईबारीच्या वळणावर मागच्या आसनावर चार माणसे आणि मांडीवर पोर घेऊन बसतो.

सीएनजी सुरतेत सहज मिळतो आणि रोजच्या धावपळीला तो परवडतो. मात्र टाकी डिकी खाते. गावाहून ज्वारीचे पोते, कुरडया-पापड आणि आंब्याच्या पाट्या आणायच्या तर त्या ठेवायच्या कुठे? २०२३ पासून टाटांनी दोन लहान टाक्या तळाशी बसवून काही जागा मोकळी केली. हा मुद्दा कागदावर लहान दिसतो, प्रत्यक्षात घरात भांडण लावतो.

भाच्याच्या पत्त्यावर पासिंग

आपल्या सीमेवरच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. गुजरातेत खासगी गाडीला एकरकमी कर साधारण ६ टक्के, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. आठ लाखांच्या गाडीवर ४८ हजार विरुद्ध ८८ हजार, म्हणजे ४० हजारांचा फरक. त्यामुळे ‘भाचा बमरोलीत आहे, त्याच्या पत्त्यावर पासिंग करू’ असा सल्ला नवापुरात सर्रास दिला जातो. पण कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली तर तिथे नव्याने नोंदणी करून तिथला कर भरावा लागतो. शिवाय गाडी एकाच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा, असे असेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी नाती ताणली जातात. चाळीस हजार वाचवताना मामा-भाच्याचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गाडीचे नाव सांगणारे पाहुणे

सगळ्यात अवघड विषय शेवटी. पूर्वी लग्नाच्या बोलण्यात मोटारसायकल असे, मग स्विफ्ट आली, आता उंच गाडीचे नाव निघते. हुंडा घेणे-देणे १९६१ पासून गुन्हा आहे, म्हणून कोणी हुंडा म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या एका लूम मास्तरांकडे मुलीला पाहायला गावाकडचे पाहुणे आले. माणसे सभ्य, मागणी काहीच नाही. फक्त जाताना गाडीचे नाव सांगून गेले, रंगासकट.

मास्तर माझ्याकडे हप्त्याचा हिशेब विचारायला आले. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ९,८०० रुपये, आणि व्याज सव्वादोन लाखांच्या घरात. पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १२,६०० आणि व्याज सुमारे १ लाख ५६ हजार. शोरूममध्ये हप्ता लहान करून दाखवतात, एकूण व्याज सांगत नाहीत. आणि बाजारात मंदी आली, लूम बंद राहिले, तर मास्तरांचा पगारही थांबतो. हप्ता थांबत नाही.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘पप्पा, घ्यायचीच असेल तर आपल्यासाठी घ्या. मला आजीकडे जायला आवडेल.’’ ते लग्न जमले नाही. मुलगी आता बी.एड. करते आहे. मास्तरांनी अजून गाडी घेतलेली नाही, पण हप्त्याइतकी रक्कम ते दरमहा बाजूला टाकतात. ‘पाहू, दोन वर्षे टाकता आली तर घेऊ,’ असे म्हणतात. मला ही रीत फार आवडली आणि आता विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तीच सांगतो.

तेव्हा ‘कोणती गाडी घेऊ, सर?’ असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की नंबर एकची गाडी कोणती हे वर्तमानपत्रात दर महिन्याला छापून येते आणि दरवर्षी बदलते. आपल्या घरात माणसे किती, महिन्याला धावणे किती, मंदीत हप्ता कोण भरणार आणि मागच्या आसनावर पट्टे किती, ही चार उत्तरे आधी वहीत लिहावीत. मग शोरूममध्ये जावे, आणि जाताना घरातल्या बायकांनाही बरोबर न्यावे.