गोपुरीचा गोपालक: जमनालाल बजाज आणि वर्धेचे गोधन

वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की काळी जमीन, कापूस आणि खादी या तीन गोष्टी प्रथम आठवतात. परंतु जिल्ह्याच्या उत्तरेला, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत, सातपुड्याच्या उतरत्या रांगा शिरतात आणि तेथील बरड, मुरमाड जमिनीत कापसापेक्षा गवत अधिक सहज येते. या गवतावर आणि लगतच्या विरळ जंगलावर जी गाय पोसली गेली, तिला गौळाऊ किंवा गवळाऊ म्हणतात. वर्धा आणि नागपूर या जिल्ह्यांपासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी, बालाघाट या भागांपर्यंत पसरलेल्या या जातीचा वर्ण पांढरा, चेहरा लांब व निमुळता, शिंगे आखूड आणि शरीर हलके असते. वळूच्या मानेवर व वशिंडावर, म्हणजे पाठीवरील उंचवट्यावर, करडी झाक येते. नागपूरकर भोसल्यांच्या काळात डोंगराळ मुलखातून लष्करी सामान त्वरेने नेण्यासाठी चपळ बैलांची जी निवड होत गेली, तिच्यातून या जातीची आजची ठेवण घडली, असे पशुतज्ज्ञांच्या लेखनात नोंदलेले आहे. शंकरपटात, म्हणजे विदर्भातील बैलांच्या शर्यतीत, गौळाऊ खोंडाला मान मिळतो तो याच चपळाईमुळे. दुधाच्या बाबतीत मात्र ही गाय बेताची आहे, कारण एका वेतात, म्हणजे एका विण्यानंतरच्या दुधाच्या काळात, ती साधारण सहाशे किलो दूध देते. विदेशी संकरित गाय त्याच्या कितीतरी पट देते. गौळाऊचे पुढचे सारे भवितव्य या एका आकड्याभोवती फिरत राहिले आहे.

जातीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते गवळी, आणि वर्धेच्या उत्तर भागात मुख्यत्वे नंद गवळी, हे या गोधनाचे खरे निर्माते होत. गुरे हाच त्यांचा कुटुंबाचा ठेवा असून दूध, खवा व तूप ही उत्पन्नाची साधने आणि शेणखत हा शेतीशी असलेला दुवा, अशी ही घडी आहे. विदर्भातील इतर गावांत सकाळी गुरे आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गोळा होण्याच्या जागी, जमतात आणि गायकी, म्हणजे गुराखी, त्यांना रानात नेतो. गवळ्याच्या घरी राखणारा आणि मालक एकच असतो. त्यामुळे कोणती कालवड कोणत्या गायीची, कोणता वळू कळपात ठेवायचा आणि कोणता गोऱ्हा बैल करायचा, हे ज्ञान घरातच पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले. आज ज्याला शास्त्रीय भाषेत निवड पद्धतीने पैदास म्हणतात, ती नोंदवहीशिवाय चालत आली. ज्यांनी ती चालवली, त्या कुटुंबप्रमुखांची आणि त्यांच्या बरोबरीने गोठा सांभाळणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत शोधूनही सापडत नाहीत.

येथे अमेरिकेच्या प्रेअरीची, म्हणजे त्या देशाच्या मध्यभागी पसरलेल्या अफाट गवताळ प्रदेशाची, आठवण होणे स्वाभाविक आहे. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ मध्ये, आणि वसाहतकऱ्यांना प्रेअरीवर जमीन मिळवून देणारा अमेरिकी कायदाही त्याच वर्षीचा. तेथे १८७४ च्या सुमारास काटेरी तार आली आणि मोकळे कुरण खाजगी मालकीत बंदिस्त झाले; वर्धेत तार आली नाही, परंतु इंग्रजी अमलात राखीव जंगलाच्या सीमा आल्या, चराईवर कर आला, आणि कापसाला भाव मिळू लागताच नांगर कुरणात शिरला. दोन्हीकडचा गुरेपालक कुटुंबाच्या बळावर उभा होता. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की प्रेअरीवरील पशुपालक कुरणाचा मालक झाला आणि वर्धेचा गवळी परवान्यावर जगणारा राहिला.

या मुलखात गोपालनाचा विचार नव्या पायावर उभा करण्याचा प्रयत्न ज्याने आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत केला, तो गवळी नव्हता, शेतकरीही नव्हता. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावी झाला, आणि वर्धेचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. सतराव्या वर्षाच्या आसपास आजोबांनी रागाच्या भरात संपत्तीचा उल्लेख केला, तेव्हा त्या संपत्तीवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून हा मुलगा घराबाहेर पडला होता. आजोबांनी समजूत काढून त्याला परत आणले, पण पैशापासून अंतर राखण्याची ती वृत्ती पुढे कायम राहिली. गांधीजींचा पाचवा पुत्र होण्याची त्यांची इच्छा, रायबहादूर पदवीचा त्याग, १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९२८ मध्ये वर्धेचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले करणे, काँग्रेसचे खजिनदारपद, हा भाग सुपरिचित आहे. त्यांच्या आग्रहामुळे विनोबा भावे १९२१ मध्ये आणि गांधीजी पुढे १९३४ नंतर वर्धेला आले, हेही सर्वश्रुत आहे.

कुटुंबवत्सल माणूस म्हणून जमनालालांकडे पाहिले जात नाही, याचे कारण त्यांचे घर सार्वजनिक कार्याने व्यापलेले होते. तथापि जे बदल त्यांनी समाजाकडे मागितले ते प्रथम घरात झाले, हे विसरता येत नाही. पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, सोन्याचे दागिने उतरवले आणि सूतकताई हाती घेतली. कमला, कमलनयन, मदालसा, उमा आणि रामकृष्ण ही पाच मुले श्रीमंत घरात जन्मली, पण आश्रमाच्या शिस्तीत आणि विनोबांच्या सहवासात वाढली. अशा घरात वडील एक दिवस झोपडीत राहायला गेले तर ते कोणाला विचित्र वाटण्याचे कारण नव्हते.

वैयक्तिक सत्याग्रहात कारावास भोगून १९४१ मध्ये जमनालाल बाहेर आले तेव्हा त्यांची प्रकृती खालावली होती. मनाला शांती देईल आणि राजकारणापासून दूर असेल असे काम त्यांनी गांधीजींकडे मागितले, आणि गांधीजींनी गोसेवेचे काम सुचवले. गोसेवा या शब्दामागे काही इतिहास होता. गांधीजींनी १९२५ मध्ये गोरक्षेसाठी अखिल भारतीय संस्था उभी केली होती आणि पुढे तिचे रूपांतर गोसेवा संघात केले होते. रक्षा हा शब्द दुसऱ्यापासून वाचवण्याचा आहे, सेवा हा शब्द स्वतः राबण्याचा आहे, आणि या बदलात गांधीजींची सारी भूमिका सामावलेली आहे. गाय खाटकाकडे जाते ती मालकाला परवडत नाही म्हणून, तेव्हा ती परवडेल असे करणे हाच तिला वाचवण्याचा मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. व्यापारात मुरलेल्या जमनालालांना हा युक्तिवाद इतरांपेक्षा लवकर उमगला असेल, असे म्हणण्यास जागा आहे.

१९४१ मध्येच वर्ध्यात गोसेवा संघाची नव्याने उभारणी झाली आणि नालवाडीजवळच्या ज्या जागेला गोपुरी हे नाव मिळाले, तेथे जमनालाल साध्या कुटीत राहून स्वतः गायीची देखभाल करू लागले. संघाच्या सदस्याने गायीचेच दूध व तूप वापरावे आणि कातडे वापरायचे तर मेलेल्या जनावराचेच वापरावे, असा नियम होता. वरवर पाहता हा धार्मिक आचार वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, म्हणून बाजारात तिला भाव जास्त. परंतु विदर्भाच्या उन्हात शेतीला बैल लागतो, हेला, म्हणजे म्हशीचा नर, तेथे फारसा कामाचा नाही. शेतकऱ्याने दुधासाठी म्हैस आणि औतासाठी बैल अशी दोन वेगळी जनावरे पोसली, तर गाय केवळ बैल जन्माला घालण्यापुरती उरते, अर्धपोटी राहते आणि तिचे दूध आणखी आटते. शहरातील गिऱ्हाईक गायीचे दूध मागू लागले तरच हे चक्र उलटे फिरू शकते. कातड्याचा नियमही असाच होता. नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय चालत होते, आणि मेलेल्या जनावराचे कातडे नीट कमावले, हाडांचे खत केले, तर म्हातारी गाय मरेपर्यंत सांभाळण्याच्या खर्चाचा काही भाग भरून निघतो, शिवाय हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या आणि त्यासाठीच अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या माणसाला त्याचे मोल मिळते. गोभक्तीच्या रूढ कल्पनेत चर्मकाराला स्थान नव्हते. वर्धेच्या गोसेवेत ते होते, आणि ही तिची सर्वांत मोठी नैतिक कमाई मानली पाहिजे.

फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यात गोसेवेवर परिषद भरली. एकेकट्या शेतकऱ्याला चांगला वळू, पुरेसा चारा व मोकळी जागा परवडत नाही, म्हणून गावाने गुरे सामुदायिक पद्धतीने पाळावीत, असा विचार गांधीजींनी त्याच महिन्यात मांडला. आखराची आणि गायकीची व्यवस्था याच विचाराचे जुने, अर्धेमुर्धे रूप होते, आणि नव्या योजनेला तिचा आधार घेता आला असता. पण जमनालालांना वेळ मिळाला नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे वर्ध्यात निधन झाले. वय बावन्न वर्षांचे होते. गोपुरीतील वास्तव्य जेमतेम काही महिन्यांचे, आणि एवढ्या काळात एखादी गोजात सुधारत नाही, कारण कालवड प्रथम विण्यासच सुमारे चार वर्षे घेते. त्यामुळे या पर्वाचे मोजमाप दुधाच्या लिटरांत करणे अन्यायाचे होईल.

काम थांबले नाही, याचे श्रेय कुटुंबाला आहे. जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेला अर्पण केली आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत विहिरींसाठी कूपदान मागत त्या गावोगाव फिरल्या, आणि १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुतणे राधाकृष्ण बजाज यांनी तर गोसेवेलाच जीवनकार्य मानले. वर्धेचे गोरस भांडार गायीच्या दुधावर चालत राहिले आणि तेथील गोरसपाक, गायीच्या तुपातील खुसखुशीत बिस्किटासारखा पदार्थ, वर्धेची ओळख बनला. वर्धेहून परतणारा पाहुणा तो आवर्जून घेऊन जातो.

गौळाऊचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र तितका समाधानकारक नाही. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीसाठी शासकीय केंद्र आहे. पण दूधवाढीच्या धोरणात जर्सी व होल्स्टीन यांच्याशी संकर झाला, ट्रॅक्टरने बैलाची गरज कमी केली, आणि ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यावर कडबा दुर्मिळ झाला, कारण सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा पूर्णपणे भरून काढत नाही. त्यातच जिल्ह्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि चराईचा प्रश्न अधिक नाजूक झाला. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि पशुपालक समाजांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हा हक्क नंद गवळ्यांच्या हाती पडणे हीच गौळाऊच्या जतनाची पहिली अट होय. केंद्रात राखलेला वळू कुरणाशिवाय जात टिकवू शकत नाही.

दिवाळीत वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते आणि पाडव्याला विदर्भात गायगोधनाच्या निमित्ताने गुरांना अंघोळ घालून, शिंगे रंगवून सजवतात. गायीचा हा मान गोपुरीत मात्र सणापुरता नाही, तो दगडात उतरला आहे. तेथे जमनालालांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले गीताई मंदिर १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते खुले झाले. त्याला छप्पर नाही आणि मूर्तीही नाही. विनोबांच्या गीताईचे, म्हणजे गीतेच्या मराठी रूपाचे, अठरा अध्याय कोरलेल्या उभ्या शिळांची ती एक भिंत आहे, आणि या शिळांची मांडणी अशी केली आहे की वरून पाहिल्यास गायीची आणि चरख्याची आकृती दिसते.