एकेकच नाव, तेही क्रमाने

ग्रंथालयाच्या दाखलनोंद वहीत प्रत्येक पुस्तकासाठी स्वतंत्र ओळ असते. त्यामुळे भाषेच्या रकान्यात ‘मराठी’, ‘हिंदी’, ‘बंगाली’ हे शब्द शेकडो वेळा येतात. ग्रंथालयात कोणकोणत्या भाषांची पुस्तके आहेत, एवढेच विचारले तर मात्र उत्तर मोजक्या नावांत संपते. त्यासाठी ग्रंथपालाला सारी वही चाळून, आलेली नावे वगळून, उरलेली वर्णानुक्रमे लावावी लागतात.

संगणकात अशी माहिती ओळी व रकाने यांच्या तक्त्यांत मांडण्याची सैद्धांतिक बैठक ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये दिली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्यावर आधारलेली ‘सीक्वेल’ ही प्रश्नभाषा मांडली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने रूढ झाली. तीत वरील प्रश्न असा विचारतात :

सिलेक्ट डिस्टिंक्ट भाषा फ्रॉम ग्रंथ ऑर्डर बाय भाषा

येथे ‘ग्रंथ’ हे तक्त्याचे व ‘भाषा’ हे रकान्याचे नाव होय. ‘डिस्टिंक्ट’ म्हणताच पुनरुक्ती गळते. ‘ऑर्डर बाय’ने क्रम लागतो.

कॉड यांच्या सिद्धांतात दोन ओळी एकसारख्या असूच शकत नाहीत. व्यवहारात मात्र पुनरुक्ती काढण्यास श्रम पडतात, म्हणून सांगितल्यावाचून यंत्र ती काढीत नाही. हे काम दोन रीतींनी होते. सर्व नोंदी क्रमाने लावल्या की सारख्या नोंदी शेजारी येतात; किंवा भेटलेल्या नावांची टिपणी ठेवून प्रत्येक नवी नोंद तिच्याशी ताडून पाहता येते. पहिल्या रीतीत यादी आपोआप क्रमवार दिसते, दुसरीत तशी शाश्वती नसते. म्हणून क्रम हवा असल्यास तो स्पष्टपणे मागावा. रिकाम्या जागा कितीही असल्या तरी यादीत त्यांची एकच ओळ येते.

परंतु यंत्राला सारखेपणा कळतो तो अक्षरांचा, अर्थाचा नव्हे. एकाने ‘हिंदी’ व दुसऱ्याने ‘हिन्दी’ लिहिले, तर यादीत सामान्यतः दोन भाषा दिसतील आणि मोजदाद चुकेल. क्रमाचेही तसेच. केवळ संकेतांकांनुसार लावल्यास ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘खरे’च्या आधी येते, मराठी वर्णमालेत तर ‘क्ष’ अखेरीस असतो. भाषेनुरूप क्रमाचा नियम यंत्राला नेमून द्यावा लागतो. यादीचा खरेपणा अखेर नोंद करणाऱ्याच्या काटेकोरपणावरच अवलंबून राहतो.