देवांच्या डोंगरावरचे बटाटे

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला. "समजा, तुम्हाला शंभर रुपये मिळाले, तर काय कराल?"

झालं! वर्गात एकच गलका. कुणी म्हणालं भेळ खाऊ, कुणी म्हणालं चेंडू आणू. एक जण म्हणाला, "बाई, मी गल्ल्यात टाकीन." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाई, मी कोंबडीची पिल्लं घेईन. मोठी झाली की अंडी देतील."

सगळा वर्ग हसला. मी नाही हसले. कारण त्या मुलीनं जे सांगितलं, त्यालाच मोठी माणसं 'गुंतवणूक' म्हणतात. आज हातात असलेलं सगळं खाऊन टाकायचं नाही. थोडं अशा ठिकाणी लावायचं, की उद्या त्यातून जास्त मिळेल. पण ते कुठं लावायचं? खरी मेख इथंच आहे बरं का! आज मी तुम्हाला अशा एका डोंगरी मुलखात नेणार आहे, जिथं शेतकऱ्याच्या घराघरांत हाच प्रश्न पडलेला असतो.

चला, नकाशा उघडा

इंडोनेशिया सापडला? त्यात जावा नावाचं लांबट बेट आहे. त्याच्या मध्यभागी दिएंग नावाचं पठार आहे. उंची सुमारे 2000 मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराहूनही वर तिथं गावं आहेत, शाळा आहेत, शेतं आहेत! सेंबुंगान हे तिथलं छोटंसं गाव तर सुमारे 2300 मीटर उंचीवर आहे. जावामधलं सर्वांत उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं.

'दिएंग' म्हणजे देवांचं ठिकाण. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी तिथं शंकराची दगडी देवळं बांधली गेली. त्यातली थोडीच आज उभी आहेत. त्यांची नावं ऐका: अर्जुन, भीम, घटोत्कच, श्रीखंडी, सुभद्रा! ही नावं तिथल्या लोकांनी मागाहून दिली. आज गावातले बहुतेक लोक मुसलमान आहेत, पण महाभारतातली माणसं त्यांच्याही ओळखीची. कळसूत्री बाहुल्यांसारखा त्यांचा सावल्यांचा खेळ असतो, त्यात अर्जुन आणि भीम असतातच.

सकाळी पांढरा सदरा आणि लाल चड्डी किंवा लाल स्कर्ट घालून मुलं शाळेला निघतात. तिथल्या प्राथमिक शाळांचा गणवेशच तो. मोठी माणसं खांद्याभोवती सारोंग, म्हणजे लुंगीसारखं जाड कापड, लपेटून शेतावर जातात. थंडीच तेवढी! आणि घराबाहेर जिकडं पाहाल तिकडं, डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, बटाटेच बटाटे.

बटाटा आला आणि घरं बदलली

पूर्वी इथले शेतकरी तंबाखू, मका, कोबी लावायचे. 1980 च्या दशकात बटाट्याची लाट आली. ज्वालामुखीच्या राखेची काळी भुसभुशीत माती, थंड हवा, दोन्ही बटाट्याला मानवलं. लावल्यापासून साधारण तीन-चार महिन्यांत पीक हातात. म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा काढणी!

मग काय विचारता! विटांची घरं उभी राहिली. दारात मोटारसायकली आल्या. मुलं शिकायला शहरात जाऊ लागली. बटाट्यानं हे सगळं दिलं, हे विसरून चालणार नाही.

पण बटाटा फुकट येत नाही. आधी बेणं विकत घ्यायचं. मग खालच्या गावांतून पोती पोती कोंबडखत वर आणायचं. औषध फवारायचं. कोरड्या दिवसांत तळ्यातलं पाणी पंपानं आणि लांबलचक नळ्यांनी चढावर न्यायचं. काढणी होईपर्यंत सगळा पैसा मातीत पुरलेला!

आणि एका रात्रीत तो जाऊही शकतो. कसा? जून ते ऑगस्ट तिथं कोरडा मोसम असतो. आकाश निरभ्र. ढगांचं पांघरूण नसल्यामुळं जमिनीची ऊब रात्री भरकन निघून जाते. पहाटे पारा शून्याखाली उतरतो आणि दंव गोठून शेत पांढरं दिसतं. पर्यटक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. शेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण बटाट्याची पानं करपून काळी पडतात. या दंवाला तिथले लोक 'बुन उपास' म्हणतात. आपला एकादशीचा उपास नव्हे हं! त्यांच्या भाषेत उपास म्हणजे विष. विषारी दंव.

जमिनीखालीही धोका आहेच. दिएंग हा ज्वालामुखींचा मुलूख. 20 फेब्रुवारी 1979 रोजी पहाटे सिनिला भागात स्फोट झाला. घाबरून लोक घराबाहेर पळाले. पण जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत होता. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही. तो सखल वाटांवर पसरला आणि त्याच वाटांवरून लोक पळत होते. सुमारे दीडशे माणसं दगावली. म्हणून आता तिथल्या विवरांवर शास्त्रज्ञ सतत नजर ठेवतात.

मग एवढं असून लोक तिथं राहतात का? कारण जी आग भीती घालते, तिच्याच राखेतून ही सुपीक माती झाली आहे.

मातीचं पाकीट फाटलं

आता खरी गोष्ट सांगते. त्या मातीलाच पाय फुटले आहेत!

बटाट्याच्या मुळाशी पाणी साचलं की बटाटा सडतो. म्हणून शेतकरी वरंबे आडवे घालत नाहीत, उतारावर वरून खाली घालतात. पाणी सरळ निघून जातं. पीक वाचतं. पण पाण्याबरोबर माती पण जाते. डोंगरावरची झाडं बटाट्यासाठी तोडलेली, मग तिला धरून ठेवणार कोण?

दिएंगमध्ये भीमाच्या नावाचा एक झरा आहे. तिथं सेरायू नदी उगम पावते. पावसाळ्यात डोंगरावरची माती या नदीच्या खोऱ्यात उतरते. खाली बंजारनेगारा इथं सेरायूवर मोठं धरण आहे, 1980 च्या दशकात बांधलेलं. त्याच्या पाण्यावर वीज तयार होते. त्या धरणात गाळ साचत चालला आहे. म्हणजे वरच्या गावाची शिल्लक खाली धरणाच्या तळाशी जमा होते आहे. ती तिथून काढून परत कोण देणार?

तुम्ही म्हणाल, "बाई, मग शेतकरी असं करतातच कशाला?" थांबा. नावं ठेवणं सोपं असतं. बेण्याचे पैसे उसने आणलेले. मुलाची फी भरायची. अशा माणसाला 'पाच वर्षं थांब' असं सांगून चालेल का? त्याला तीन महिन्यांनी येणारा पैसा हवा असतो. चूक एकट्या शेतकऱ्याची नाही. म्हणूनच उपायही एकट्याचा नको.

गावाची भिशी

आपल्या आया, मावश्या भिशी लावतात ना? इंडोनेशियात अगदी तशीच पद्धत आहे. तिला 'आरिसान' म्हणतात. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळे पैसे. त्यातून कुणाचं छप्पर दुरुस्त होतं, कुणाचं बेणं येतं. शिवाय 'गोतोंग रोयोंग' असतं, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायचं. रस्ता असो की लग्नाचा मांडव, शेजारी हात लावायला येतात. 2014 साली तिथं गावांसाठी नवा कायदा झाला आणि 2015 पासून सरकारचा निधी थेट गावांकडे येऊ लागला. तो कशावर खर्चायचा, याची चर्चा गावाच्या सभेत होते.

आता एक गंमत. परदेशी माणूस तिथं आला आणि म्हणाला, "मला हे शेत विकत द्या," तर? मिळणार नाही! 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. त्या मालकीला ते 'हाक मिलिक' म्हणतात. ओळखीचं वाटलं? आपले 'हक्क' आणि 'मालक' हे शब्दही त्याच अरबी घराण्यातले.

काही शेतकऱ्यांनी दुसरी वाट धरली आहे. घरातली एखादी खोली पाहुण्यांना भाड्यानं देतात. सूर्योदय पाहायला पर्यटक येतात, मग दंवानं बटाटा गेला तरी चूल पेटते. काही जण उतारावर कॉफीची झाडं लावतात. कॉफीचं पहिलं चांगलं पीक यायला तीन-चार वर्षं थांबावं लागतं, पण मुळं माती धरून ठेवतात. शेताच्या कडेला 'कारिका' नावाची छोटी डोंगरी पपई असते. तिच्या फोडी पाकात घालून बरण्या भरतात आणि विकतात. कारिका आणि बटाटा, दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले! एकाच गावचे पाहुणे. बटाटा तीन-चार महिन्यांत पैसे देतो. कारिकाचं झाड वर्षानुवर्षं उभं राहून फळ देतं.

म्हणून बटाटा सोडूनच द्यायचा का? नाही. त्याच्या पैशातला थोडा वाटा पुन्हा डोंगराला द्यायचा. झाडात, बांधात, मातीत. शेतकऱ्याच्या सगळ्या गुंतवणुकीखाली ही एक गुंतवणूक असते. ती बुडाली की वरच्या सगळ्या बुडाल्या.

करून पाहा

दोन जुनी ताटं घ्या. दोन्हींत ओली माती पसरा. एका ताटात बोटांनी उभे वरंबे करा, दुसऱ्यात आडवे. दोन्ही ताटांच्या एका कडेखाली सारख्या उंचीची वीट ठेवा. मग झारीनं सारखंच पाणी घाला आणि खाली येणारं पाणी दोन वेगळ्या ग्लासांत धरा. कुठलं पाणी जास्त गढूळ? वहीत लिहून ठेवा. आजीआजोबांकडे डोंगरउतारावर शेत असेल, तर सुट्टीत गेल्यावर पाहा, तिथल्या सऱ्या उभ्या आहेत की आडव्या, आणि बांध शाबूत आहेत का.

आणि हो, आईबाबांनो, त्या रात्री जेवताना मुलांना सांगा, आपल्या घरचे पैसे कुठंकुठं गुंतवले आहेत ते. मुलांना वाटतं तेवढं ते अवघड नसतं.

त्या कोंबडीवाल्या मुलीला मी नंतर विचारलं, "पिल्लं आणलीस तर त्यांना खायला काय घालशील?" ती म्हणाली, "अंडी विकून जे पैसे येतील, त्यातलेच थोडे, बाई."

आता सांगा, तुमच्या शंभर रुपयांचं काय करणार?