वारा मोजताना सरासरी पुरत नाही

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जुलैत कोणी गेलं, तर अंगावर येणारा वारा बघून त्याला वाटेल, पवनचक्कीला याहून चांगली जागा नाही. तिथे पवनचक्क्या आहेतच. पण जुलैवरून वर्ष ठरत नाही. महाराष्ट्रात पवनऊर्जेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत येतो. म्हणून मनोरा उभारून वेगमापक लावतात आणि किमान वर्षभर, दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवतात.

मग वर्षाची सरासरी काढली की झालं, हा पुढचा गैरसमज, आणि सर्वांत महागात पडणारा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनावर अवलंबून असते. एका जागी वारा सतत सेकंदाला ६ मीटर वाहतो, दुसरीकडे निम्मा वेळ ३ आणि निम्मा वेळ ९. सरासरी दोन्हीकडे ६च. पहिल्या ठिकाणी घन २१६. दुसऱ्या ठिकाणी २७ आणि ७२९ यांची सरासरी, म्हणजे ३७८. ऊर्जा पावणेदोन पट! त्यामुळे बघायचं ते वर्षाच्या ८,७६० तासांपैकी कोणता वेग किती तास मिळतो हे. ही विभागणी बहुधा ‘वायबुल’ वितरणाने मांडतात. मग प्रत्येक वेगाचे तास त्या वेगाला यंत्र देत असलेल्या विजेने गुणायचे आणि बेरीज करायची. यंत्र साधारण ३-४ मीटरला सुरू होतं, १२च्या आसपास पूर्ण क्षमता गाठतं आणि बहुतेक यंत्रं २५ला स्वतःहून थांबतात. वादळी वाऱ्याचा उपयोग नाही, तो याचमुळे.

‘उंच गेलं की वारा वाढतोच’ हेही सरसकट खरं नाही. सपाट माळावर १० मीटरवरून ८० मीटरवर गेल्यास ढोबळ नियमाने वेग सुमारे ३५ टक्के वाढतो. पण सह्याद्रीच्या कड्याशी वारा चढून येताना जमिनीलगतच वेग घेतो. तिथे हाच नियम लावला तर आकडा फुगतो. पठारावर हवा विरळही असते. हजार-अकराशे मीटर उंचीवर घनता, आणि तेवढीच ऊर्जा, समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी भरते.

एका वर्षाची नोंद हाही पक्का पुरावा नव्हे, कारण मोसमी वारे दरवर्षी सारखे नसतात. म्हणून ती नोंद त्या भागाच्या अनेक वर्षांच्या हवामान-आकडेवारीशी ताडून बघतात. एवढं करूनही अनिश्चितता उरते, आणि अहवालात ती स्पष्ट लिहिलेली असायला हवी. समजा वार्षिक अंदाज १०० युनिट आणि अनिश्चितता १५ टक्के. तर ९० टक्के खात्रीने किमान ८१ युनिट धरता येतात. या आकड्याला ‘पी-९०’ म्हणतात. जमीन किंवा पैसा गुंतवणाऱ्याने सल्लागाराकडे तोच आधी मागावा. कर्जाचा हप्ता झेपेल का, हे १०० वरून नव्हे, ८१ वरून तपासायचं असतं.