झाड पडते पावसात, घात होतो आधीच

मे महिना संपत आला की शहरांतल्या सोसायट्यांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. आवारातल्या जुन्या गुलमोहराखालच्या किंवा पर्जन्यवृक्षाखालच्या गाड्या हलवल्या जातात, छाटणीवाले दोर आणि करवती घेऊन वर चढतात आणि दुपारपर्यंत झाडाचा सगळा शेंडा खाली येतो. उरतो तो उंच, बोडका सांगाडा. यंदाच्या पावसाळ्याची चिंता मिटली, असे समजून सगळे घरी जातात.

चिंता खोटी नाही. झाड किंवा फांदी अंगावर पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यांनी एकट्या मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पाडली. पण बोडके केलेले झाड सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. अनेकदा अशा छाटणीतूनच पुढच्या काही वर्षांतला धोका तयार होतो.

झाडाची जखम भरत नाही

आपले बोट कापले तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि जखम भरून निघते. झाडाला हे जमत नाही. कापलेल्या लाकडाच्या जागी तिथे नवे लाकूड येत नाही. झाड त्या जखमेभोवती आतून रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारते आणि कुजण्याची प्रक्रिया तेवढ्या भागात कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करते. बाहेरून नवी साल हळूहळू जखमेवर चढते. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून ही प्रक्रिया दाखवून दिली आणि १९७०च्या दशकात तिची मांडणी केली. जगभरातल्या छाटणीच्या पद्धती त्यामुळे बदलल्या.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जखम जितकी मोठी, तितकी ती बंद व्हायला वर्षे जास्त लागतात आणि तोवर बुरशीला आत शिरायला वाट मोकळी राहते. आणि कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने कुजणे थांबत नाही. उलट त्या थराखाली ओल धरून राहू शकते.

शेंडा छाटल्यावर झाडाची पाने, म्हणजे त्याचे अन्न तयार करणारा कारखानाच, एका दिवसात नाहीसा होतो. साठवलेले अन्न खर्चून झाड कापलेल्या टोकांजवळ घाईने धुमारे फोडते. वर्षभरात झाड पुन्हा हिरवेगार दिसते, पण मूळ फांदी खोडाच्या लाकडात खोलवर गुंफलेली असते, तसे हे धुमारे नसतात. ते वरवरच्या थरातून फुटलेले असतात आणि त्यांच्याखालचे लाकूड कुजत असते. पाच-सात वर्षांत ते जाडजूड होतात आणि वादळात बुडापासून निखळतात.

कापायचे कुठे?

योग्य छाटणीत झाडाचा आकार बहुतांशी तसाच राहतो. वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. एका वेळी पालवीचा चौथा हिस्साही कमी करू नये; झाड जितके जुने, तितके कमी कापावे. फक्त इमारतीकडची बाजू छाटली तर सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो, हेही लक्षात ठेवावे.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. जखम बंद करणाऱ्या पेशी तिथेच असतात. त्यामुळे काप त्या कड्याच्या लगेच बाहेर हवा. कडे खरवडून खोडाशी सपाट कापणे चूक आणि हातभर खुंट ठेवणेही चूक. जड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून फूट-दीड फुटावर खालून अर्धवट काप, त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि वजन उतरल्यावर कड्याजवळ शेवटचा काप. पहिला काप दिला नाही तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली येते. कोयत्याने घाव घालून हे काम होत नाही. छाटणीआधी फांद्यांवर घरटी आहेत का, तेही पाहावे.

खरा घाव जमिनीखाली

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांच्या मातीतच असतात, कारण हवा तिथेच मिळते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. ती पसरतात मात्र पालवीच्या घेराच्या कितीतरी बाहेर.

आता सोसायटीचे आवार आठवून पाहावे. बुंध्यापर्यंत आलेला कोबा किंवा पेव्हर ब्लॉक, त्यावर उभ्या गाड्या, ड्रेनेज किंवा गॅसच्या पाइपसाठी खोदलेला चर. काँक्रीटखाली पाणी आणि हवा पोहोचत नाही, वजनाने माती दबते. चर खोदताना मधे आलेले मांडीएवढे मूळ कंत्राटदाराचा माणूस दोन घावांत तोडतो. झाडाचा एका बाजूचा आधार गेलेला असतो, पण त्या दिवशी एक पानही गळत नाही. परिणाम दोन-चार वर्षांनी दिसतो आणि तोवर त्या चराची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

बांधकामाच्या वेळी पाळण्याचा एक प्रचलित निकष उपयोगी आहे. खोडाच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंतची जमीन शक्यतो खोदू नये. छातीच्या उंचीवर घेर १.९ मीटर भरला तर व्यास साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे चहूबाजूंनी सुमारे सात मीटर. शहरात एवढी जागा क्वचितच मिळते, पण जितकी सोडता येईल तितकी सोडावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटरचे आळे ही किमान गरज समजावी. काँक्रीट फोडताना मात्र ब्रेकर वापरू नये. मुळांजवळचे काम हाताने करावे.

हौसेने केलेली काही कामेही झाडाला बाधतात. बुंध्याभोवती टाइल्सचा पार बांधून त्यात लाल माती भरली की मातीखालची साल सतत ओली राहून कुजते. बुंधा जमिनीशी रुंदावतो तो भाग उघडा दिसायला हवा. रोषणाईच्या घट्ट गुंडाळलेल्या तारा खोड जाड झाल्यावर सालीत रुततात. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही आता सोडून दिलेली आहे. आळ्यात गळलेली पाने राहू देणे आणि कडक उन्हाळ्यात बुंध्यावर नव्हे, तर पालवीच्या कडेखालच्या मातीत सावकाश मुरेल असे पाणी देणे, एवढे केले तरी पुष्कळ.

धोका ओळखावा कसा?

ढोली दिसली म्हणजे झाड पडणारच, असे नाही. पाणी वाहून नेणारे जिवंत लाकूड बाहेरच्या कड्यात असते आणि आतला गाभा गेला तरी पुरेशा जाड भिंतीचे खोड एखाद्या नळीसारखे भक्कम राहू शकते. लहानपणापासून तिरके वाढलेले झाडही बहुधा त्या कलाला सरावलेले असते.

काही खुणा मात्र गंभीर आहेत. झाड अचानक कलणे आणि कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली जाणे किंवा भेगाळणे. बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी उगवणे. दोन जाड फांद्यांच्या बेचकीत चीर पडणे. शेंड्याकडच्या फांद्या एकामागून एक वाळणे. यातले काही दिसले तर गाड्या आणि मुलांचा खेळ तिथून हलवावा आणि जाणकाराला बोलवावे. जमीन उचललेली दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

कापून टाकले तर?

एवढी कटकट नको म्हणून झाडच काढायचा विचार पुढे येतो. बेंगळुरूत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडे असलेल्या रस्त्यांवर दुपारचे हवेचे तापमान ५.६ अंशांपर्यंत, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. उन्हाळ्याच्या झळांमध्ये घरातल्या वृद्धांना आणि लहान मुलांना हा फरक कळतो. जुन्या झाडाच्या जागी लावलेली दोन रोपे तेवढी सावली द्यायला काही दशके घेतात.

कायद्यानेही हे परस्पर करता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. त्यात झाड तोडणे याचा अर्थ जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे असाही होतो. झाड खासगी आवारात असले तरी पालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. २०२१च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरते.

सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा आणि टाकीच्या सफाईचा खर्च दर वर्षी मंजूर होतो. इमारत तीस वर्षांची झाली की तिचे स्ट्रक्चरल ऑडिटही होते. आवारातले झाड अनेकदा इमारतीपेक्षा जुने असते. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा जाणकाराकडून त्याची तपासणी, घेर आणि खुणांची नोंद, आणि पाइपच्या प्रत्येक कामाआधी चर कुठून जाणार याची चौकशी, हे विषय सभेपुढे ठेवता येतात. त्याला येणारा खर्च शेंडा उतरवण्याच्या खर्चापेक्षा फार मोठा नसतो.