एका कोयत्यातील दोन माणसे

बीड जिल्ह्यात ‘कोयता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ऊस तोडण्याचे हत्यार हा पहिला. तो सर्वांस ठाऊक आहे. दुसरा अर्थ हिशेबातला. नवरा-बायकोची जी जोडी तोडीला जाते, तिला एक कोयता म्हणतात. गडी एकटाच गेला, तर तो अर्धा कोयता. म्हणजे कोयता पुरा होण्यास स्त्री लागतेच. तिचे नाव मात्र हिशेबात सहसा येत नाही. कुटुंबाची उन्नती आणि घरातील स्त्रीची स्थिती यांचा संबंध काय, हे आम्ही या एका शब्दाच्या आधारे पाहणार आहोत.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार हा भाग कमी पावसाचा. जमीन बहुतेक जिराईत. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्याआधीच मुकादम त्यांना ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती दिली जाते कोयत्यामागे, आणि पडते गड्याच्या हाती. फेडावी मात्र दोघांनी लागते.

फडात गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. तोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर कोपीतील चूल, पाणी आणि लेकरे हे काम तिचेच. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. विटाळाचे दिवस असोत की बाळंतपण, हिशेबाला त्याची दखल नसते.

याचा परिणाम 2019 साली साऱ्या महाराष्ट्रापुढे आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहांमागे जवळजवळ एक! यामागे काही ठिकाणी वैद्यकीय गरज असेल, काही ठिकाणी डॉक्टरांचा लोभ. परंतु फडावर औषधपाणी नाही, आडोसा नाही आणि खाडा परवडत नाही, अशा स्थितीत दुखणे मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला स्त्रीला पटावा, यात आम्हांला नवल वाटत नाही.

कोणी विचारील, घर एकच असताना पैसा कोणाच्याही हाती आला म्हणून काय बिघडले? घरावर पत्रे आले, दुचाकी आली, ही उन्नतीच नव्हे काय? उन्नती खरी, पण ती कोणाच्या अंगावरून आली आणि तिचा विनियोग कोणी ठरवला, हेही विचारले पाहिजे. जोडीलाच मोल असल्यामुळे मुलांची लग्ने लवकर उरकण्याकडे कल होतो आणि मुलीची शाळा सुटते. हुंड्याची धास्ती आहेच. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ 807 होत्या. 2001 साली त्या 894 होत्या. त्या दहा वर्षांत घरे सुधारली असतील, पण मुलीचे मोल वाढले नाही.

उपाय परका नाही. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्रातील स्त्रीला पुरुषाइतकाच मजुरीचा दर दिला आणि हजेरीपटावर तिचे नाव स्वतंत्र लागले. चांदवडच्या 1986 सालच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. हाच न्याय फडावर लागू व्हावा. करारात दोन नावे असावीत, मजुरी दोन खात्यांत जमा व्हावी, आजारपणाच्या दिवसास दंड नसावा, आणि मागे राहणाऱ्या मुलींसाठी गावीच वसतिगृह असावे.

आपण नगरवासी जी साखर रोज चहात घालतो, तिच्यात या स्त्रीचे श्रम आहेत. तेव्हा एका कोयत्यात दोन माणसे मोजावीत, ही मागणी आपलीही असावयास हवी.