ट्रक काळा धूर ओकतोय? नोझल तपासा



माल भरलेला ट्रक चढाला काळा धूर ओकतो, इंजिन अडखळतं, डिझेलही जास्त खातं. लगेच पंपाला हात घालू नका. आधी एअर फिल्टर बघा. पुष्कळदा दोष तिथंच निघतो.

तरीही धूर राहिला तर इंजिन गरम करून मंद चालू ठेवा. नटावर फडकं धरून पहिल्या इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करा. इंजिनचा आवाज पडला तर तो इंजेक्टर ठीक. नट आवळा, पुढचा घ्या. जिथं आवाजात फरक पडत नाही, किंवा धूरच थांबतो, तिथं दोष आहे. इंजिन बंद करून तो इंजेक्टर नवं तांब्याचं वॉशर घालून शेजारच्या सिलिंडरला बसवा. दोष त्याच्यासोबत गेला तर नोझल बिघडलं. जागीच राहिला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा पंप पाहावा लागेल.

फवाऱ्यापुढं बोट धरायची काहींना खोड असते. तिथं चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास दाब असतो, डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा. उशीर झाला तर बोट जातं. आणि नव्या कॉमन रेल इंजिनाचा नट चालू इंजिनावर सैल करूच नका. तिथला दाब १००० किलोच्याही पुढं जातो.